कोहळ्याची परीक्षा

अंबडच्या त्या वर्कशॉपमध्ये लोक चपला बाहेर काढून आत शिरत होते. भगव्या कफनीतल्या एका बाबांनी हात उंचावला की धातू कापणारं जुनं सीएनसी मशीन थांबे, खाली आणला की पुन्हा चालू होई. बटणाला कुणी शिवतसुद्धा नव्हतं. मी तंत्रनिकेतनात शिकवते, इथे शिकाऊ विद्यार्थ्यांचं काम पाहायला आले होते. क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

"मशीनमंदी आत्मा हाय," बाबा गरजले. "त्याला या बाईनं चिडवलंय!"

बाई म्हणजे उज्वला, त्याच मशीनवर काम करणारी. दसऱ्याच्या पूजेला बाबांनी मशीनच्या पाठीमागे लाल फडकं बांधलं होतं. असं फडकं पुढच्या दसऱ्यापर्यंत कुणी सोडत नाही. उज्वलाने फक्त विचारलं होतं, "याच्याखाली काय आहे?"

"स्टार्ट दाब आन् हात आत घाल," बाबा म्हणाले. "निर्दोष असशील तर मशीन हलणार नाय."

मालक शामसुंदरशेठ बाजूलाच उभे होते. दार उघडं असताना मशीन चालू न देणारं सेफ्टी लॉक त्यांनीच काढून टाकलेलं. उज्वलाने स्टार्ट दाबलं. मशीन हललं नाही. तिने बाही मागे सारली. एकही माणूस तिला अडवेना. मला आत्म्याची नाही, त्या माणसांची भीती वाटली.

बाबा डोळे मिटून मंत्र पुटपुटू लागले. मी उज्वलाला मागे ओढलं आणि नजर काढायला आणलेला कोहळा आत ठेवला.

"प्रकट हो!" बाबा ओरडले.

कापणारं टूल खाली आलं आणि कोहळ्याच्या चिंधड्या उडाल्या.

"कोहळा पापी निघाला, बाबा," मी म्हटलं आणि फडकं ओढून काढलं. खाली शेंदूर फासलेला, अँटेना असलेला छोटा डबा होता, जुन्या केबलच्या जागी जोडलेला.

"काय कापायचं हे या मशीनला कॉम्प्युटरकडून केबलने कळायचं. स्टार्ट दाबलं की ते हुकमाची वाट बघत थांबतं. हा डबा तोच हुकूम वायफायवरून आणतो. मोबाइलवरून हुकूम पाठवला की चालू, रोखला की बंद."

सगळ्यांच्या नजरा मोबाइल शोधत वर्कशॉपच्या दाराकडे वळल्या. गर्दीमागे उभ्या असलेल्या बाबांच्या शिष्याने मोबाइल घाईघाईने खिशात घातला.

मी डबा उपटला. "आता करा प्रकट!"

बाबा घसा बसेपर्यंत ओरडले. मशीन ढिम्म.

"मशीनला हार घाला, हळदकुंकू वाहा," मी म्हणाले, "पण फडकं सोडून बघायला घाबरू नका. जो बघू देत नाही, त्याच्या शब्दावर हात पुढे करू नका."

उज्वला खाली बसून कोहळ्याचे तुकडे गोळा करत होती. "शेठ," तिने मान वर न करता विचारलं, "मॅडम आज आल्या नसत्या तर?"

शामसुंदरशेठची नजर मशीनच्या उघड्या दाराकडे गेली.