मधला कार्बन

आमच्या शेजारचे मास्तर रसायनशास्त्र शिकवायचे. इतकं शिकवायचे, की त्यांच्या मांजरीलाही ब्यूटेनची रचना पाठ होती. खोटं वाटत असेल तर मांजरीला विचारा.

"कार्बनला चार हात," ते सांगायचे. "त्याने एकच दुसरा कार्बन धरला असेल तर तो प्राथमिक. दोन धरले तर द्वितीयक, तीन तर तृतीयक. चारही हात गुंतले की चतुर्थक."

माणसांचंही तेच. मी प्राथमिक. "तुला बायकोशिवाय विचारतं कोण?" ते मला म्हणायचे.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मात्र चतुर्थक. "तीन पोरं, चौथा मी. मधे तू."

"म्हणजे माझा एकही हात रिकामा नाही ना? मग भाजी तुम्हीच चिरा."

मास्तर हसत चिरायला बसायचे. पण कडेचे चौघे फक्त मधल्यालाच धरून असतात, एकमेकांना नाही, हे शाळेत शिकवणाऱ्या या माणसाला घरात कधी दिसलं नाही. थोरल्याला धाकटीची खबर हवी, की आईला फोन. मधला मुलगा रुसला, की दोन्हीकडे समजूत आईने काढायची. शेजारी बसूनसुद्धा, "आई, दादाला म्हणावं पंखा कमी कर."

वहिनी गेल्या. सगळं आटोपलं. पोरं संध्याकाळी आपापल्या गावी परतणार, म्हणून दुपारी मास्तरांनी स्वतः रांधलं.

"मधला गेला तरी उरलेल्या चौघांची साखळी होते," ते मला म्हणाले. "टोकाचे दोघे प्राथमिक, मधले दोघे द्वितीयक. आज जोडूनच टाकतो बघ."

टेबलावर नुसता चमच्यांचा आवाज.

"अरे, बोला की! सख्खी बहीण आहे तुझी, परीक्षेवरची बाई नव्हे."

थोरल्याने धाकटीकडे पाहिलं. ओठ हलले. मग मान आपसूक स्वयंपाकघराकडे वळली.

"आई, हिला सांग ना, मीठ दे."

घास हातातच राहिले. बरणी धाकटीच्या कोपराशी होती. तिने ती उचलली आणि मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी थोरल्यापुढे ठेवली.

संध्याकाळी दारात तीन टॅक्स्या लागल्या.

"अरे, तिघं स्टेशनलाच ना? एकीत बसा की."

"सामान फार आहे, बाबा," पहिल्या टॅक्सीत बसत थोरला म्हणाला. मांडीवर त्याच्या एकच पिशवी होती.

"बरं, पोचलात की एकमेकांना कळवा रे!"

धाकटीने काच खाली केली. डोळे सुजलेले.

"बाबा, दादाचा नंबर नाहीये माझ्याकडे."

दादाची टॅक्सी तिच्या पुढेच उभी होती.