काका, लागलं का हो?

शार्दूल सव्वा वर्षाचा झाला तरी क्षितिजाला अजून दार लावून निवांत केस धुवायला मिळाले नव्हते. म्हणून कांचननं एअरसॉफ्टचं नाव काढलं तेव्हा तो खेळ आहे की कसला क्लास, हेही न विचारता ती 'हो' म्हणून मोकळी झाली.

कांचन तिची कॉलेजातली मैत्रीण, गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात इंजिनियर. "दर रविवारी दोन तास. आमचा कॅप्टन वरुण आज नव्या लोकांना बघणार. नेम नाही बघत तो. लागलेलं कबूल करता की नाही, तेवढंच. पसंत पडलीस तर कायमची टीममध्ये."

दर रविवारचे दोन तास! क्षितिजानं मुलाला नवऱ्याच्या, गौरांगच्या कडेवर दिलं आणि मागे वळून न बघता ती कांचनच्या गाडीत बसली.

मंडीदीपच्या अलीकडे एक ओस पडलेलं गोदाम होतं. तिथं गोपीनाथकाकांनी तिला चहा दिला. साठीचे, मूळ ग्वाल्हेरचे. "कोटऱ्यात राहता? मग शेजारीच की आपण!" तेवढ्यात वरुण बोलू लागला, "प्लास्टिक का छर्रा है, रंग-वंग नहीं लगता. लगा कि नहीं, ये सिर्फ आप जानते हो. लगा तो हाथ ऊपर, 'हिट' बोलो और रस्सी के बाहर." तो पुढेही बरंच बोलला, पण क्षितिजा मास्कचा पट्टा कुठून कुठे जातो ते शोधत होती.

शिट्टी वाजली. आपली निळी पट्टी, त्यांची लाल. पण चष्म्यावर वाफ धरलेली, त्यातून सगळेच करडे. कांचन ओरडली, "डावीकडे!" क्षितिजा उजवीकडे गेली. पिंपामागे बसली. समोर काहीतरी लालसर हललं आणि तिनं हातातल्या खोट्या बंदुकीचा घोडा दाबला.

"हिट!" काकांचा आवाज. हात वर करून, कोपर चोळत ते निघाले.

 घरात कुणी धडपडलं की पाय आपोआप धावतात, तसेच तिचे पाय धावले.

"काका, लागलं का हो?"

काका गप्प.

"रागावलात?"

काकांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, कळेना. मग त्यांनी हातानं तिला मागे ढकलल्यासारखं केलं.

"बोला ना काही! हात बघू."

"क्षिते, खाली बस गं!" कांचन किंचाळली. पाठीवर टक-टक झालं. पण काका काही बोलेनात, म्हणून ती त्यांच्यामागून थेट रस्सीबाहेर गेली.

बाहेर काकांनी मास्क काढला आणि हसून हसून खाली बसले. "अगं बाई, बाद झालेल्यानं मैदानात बोलायचं नसतं! जीव गेला माझा गप्प राहताना."

निळे हरले होते. वरुण आला. "मॅडम, आपको पीछे से लगा था क्या?"

नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? रविवार डोळ्यांदेखत निसटताना दिसला.

"लगा. दो बार. हाथ ऊपर करना भूल गई... काकांकडे बघत होते ना मी."

वरुणनं शिट्टी खिशात टाकली. "मारनेवाला भी श्योर नहीं था." मग म्हणाला, "अगले संडे, सात बजे."

"मतलब?"

"मतलब आ जाना. हर संडे."

"पण आमच्याकडून!" काका उठले. "समोर ठेवलीत तर ही मला बोलायला लावेल. आजची दुसरी गेमही आमच्यातच."

"वा! आणली मी आणि पळवणार तुम्ही?" कांचननं कमरेवर हात ठेवले.

काका क्षितिजाच्या दंडाला लाल पट्टी बांधूही लागले. तिनं एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा मैत्रिणीकडे.

"म्हणजे आता कांचनला मारायचं?"

"मारायचं."

"आणि विचारायचं नाही?"

"विचार की. रस्सीबाहेर."