जिजाबाईचा घासलेला तवा

कामरगावच्या त्या गल्लीत बारसं असो की साखरपुडा, पुरणपोळ्या भाजायला तीस वर्षं जिजाबाईलाच बोलावणं यायचं. तिच्यासारखा बिडाचा जाड तवा कुणाकडे नव्हता, आणि तसा हातही.

मग शेजारच्या गंगूचा दिनेश परदेशातून बायको घेऊन महिनाभरासाठी आला. दिनेश वेल्समध्ये नर्स, कॅरिस तिथलीच. आल्यापासून साऱ्या गल्लीच्या तोंडी तिचंच नाव. जिजाबाईच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

एक मार्चला कॅरिसच्या देशात कुण्या जुन्या साधूचा सण असतो म्हणे. छातीला कांद्यासारखी एक हिरवी भाजी लावतात आणि तव्यावर मनुके घातलेले गोड, जाडसर केक भाजतात. दिनेशनं साऱ्या गल्लीला आवतण दिलं. जिजाबाईलाही दिलं, पण खायला.

आदल्या दिवशी गंगू आली. "जिजाबाई, तुमचा तवा देता का? सुनेले तसाच जाड पाहिजे."

तवा पाहिजे, जिजाबाई नको. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नाही म्हणायची सोय नव्हती. ती आत गेली आणि राख नि विटेचा चुरा घेऊन तिनं तव्यावरचा तीस वर्षांचा काळा, तेलकट थर खरवडून काढला. अशा तव्यावर काहीही टाकलं तरी चिकटणार. बघणाऱ्याला मात्र वाटावं, किती स्वच्छ करून दिला.

दुसऱ्या दिवशी गंगूच्या अंगणात बाया पदराला पातीचा कांदा टाचून बसल्या होत्या. पहिले चार केक तव्याला असे चिकटले की नुसता चुरा निघाला. बायांनी तोंडाला पदर लावले. गंगूचा चेहरा उतरला आणि जिजाबाईला गार गार वाटलं.

कॅरिसनं तव्यावर बोट फिरवून पाहिलं. अर्धा कांदा तेलात बुडवून तिनं तव्यावर फिरवला, धूर निघेस्तोवर तवा तापवला, पुन्हा फिरवला. असं चारपाचदा केलं. मग केक अख्खे सुटायला लागले. जिजाबाईनंही एक खाल्ला. चांगला होता. तेच तिला सोसवेना.

दिवेलागणीला कॅरिस तवा घेऊन दारात आली. मागून आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे गंगूनं तिला शिकवलं असावं. तव्यावर फडक्याखाली सहा केक होते.

"काकू, मी तवा घासला नाही," दिनेशकडून शिकलेल्या मराठीत ती अडखळत म्हणाली. "माह्या आजीकडे असाच तवा होता. लहानपणी मीबी एकदा घासला. रागानं."

जिजाबाईनं तवा हाती घेतला. "राग कायचा?"

"सारे तिच्याच हातचं मागत."

एवढं बोलून ती गेली. जिजाबाई तवा धरून तिथंच खाली बसली. तिला लाजेनं रडू आलं. डोळे पुसून तिनं तव्यावर हात फिरवला. काळा थर पुन्हा धरू लागला होता, अगदी एकसारखा. एवढा एकसारखा तो तिला पहिल्या वर्षी जमला नव्हता. आणि लाज वाटत असतानाच तिला त्या पोरीचा आणखी हेवा वाटला.