दोन दिवस भिजलेली कोंबडी

या, असे जवळ या, मागच्यांनाही जरा सरकून जागा द्या. देवाने माणसाला भूक दिली आणि तिच्या शेजारीच दुःख बसवलं. त्या दोघांच्या मध्ये सापडलेल्या एका लाँड्रीवाल्याची गोष्ट सांगतो.

लाँड्रीवाल्याची मोठी बहीण, ताई, बारा वर्षं मेक्सिकोत संसार करून आली. दाजी तिकडचेच. ते गेले आणि ती भावाकडे आली. राहायची वरच्या खोलीत, जेवायचं ताटही वर न्यायची. वर्ष झालं, एकदाही टेबलाशी बसली नव्हती. भावाचं देवाकडे मागणं एवढंच, ताईने एक दिवस आपल्यासोबत चार घास खावेत.

शुक्रवारी तिने दाजींचा कोट धुवायला दिला. धुण्याआधी खिसे तपासायचे, हा धंद्याचा पहिला नियम. खिशात निघाली ताईच्या अक्षरातली कृती, दाजी दर रविवारी करायचे त्या कोंबडीची. संत्र्याचा रस, लिंबं, लसूण, जिरं, सुक्या मिरच्या. दोन तास मुरू द्यावी. सोबत पांढरी वाईन.

"दोन तास?" तो बायकोला म्हणाला. "दोन तासांत शर्टाची कॉलर निघत नाही."

"अहो, कोंबडी आहे ती. चादर नाही."

"भिजवण्यातलं मला शिकवू नकोस. वीस वर्षं भिजवतोय."

झालं. त्याच दुपारी कोंबडी रसात बुडवून फ्रिजमध्ये गेली. सकाळ-संध्याकाळ तो उलटीपालटी करायचा. पिळली नाही, हीच देवाची कृपा.

शनिवारी तो वाईनच्या दुकानात गेला. दुकानदार बाईंनी विचारलं, "कशाबरोबर घेणार?"

"बहिणीबरोबर."

"पदार्थ कोणता, दादा?"

"आंबट कोंबडी."

"मग वाईनही आंबटच घ्या. गोडसर घेतलीत तर लिंबापुढे पाणी वाटेल. आणि गार करा." त्यांनी एक थेंब चाखायला दिला. लाँड्रीवाल्याने आधी वास घेतला आणि मान डोलावली. "डाग पडणार नाही," म्हणाला.

रविवारी संध्याकाळी कोंबडी तव्यावर पडली आणि हाडं एकीकडे, मांस एकीकडे. डावाने उचलावं तर ओल्या कागदासारखं तुटत होतं.

"विरली," बायको म्हणाली. "कापड सोसेल तेवढंच भिजवावं, हे गिऱ्हाइकांना कोण सांगतं हो?"

त्याचा चेहरा पार चुरगळला होता. एवढ्यात वास जिन्याने वर गेला आणि जिन्याने ताई खाली आली.

"हे कधी भिजवलंस?"

"परवा दुपारी."

"लिंबात? दोन दिवस?" ताईने पदर खोचला. "बाजूला हो. तू कोंबडी केलेली नाहीस, धुणं केलंयस. आच वाढव. दोन काटे दे."

तिने सगळं मांस काट्यांनी पिंजलं, कडा कुरकुरीत होईपर्यंत तव्यावर परतलं, वरून कोथिंबीर टाकली. मक्याच्या पातळ पोळ्या शेकून त्यात भरल्या. हात चालू, तोंडही चालू. भावाच्या लहानपणापासूनच्या सगळ्या मूर्खपणाची उजळणी झाली. बोलता बोलता तिने खुर्ची ओढली, बसली आणि पहिला घास घेतला.

भाऊ तोंड उघडणार, तोच बायकोने टेबलाखाली पाय दाबला. पुटपुटली, "गप्प बसा. शिव्या चालू आहेत तोवर जेवण चालू आहे."

मग काय, त्याने मुद्दाम वाईनचा ग्लास काठोकाठ भरला. ताई त्यावरही बोलली आणि दुसरी पोळी घेतली. तिसरीला तिचा आवाज उतरला. गार वाईनचा घोट घेऊन ती म्हणाली, "तुझी कोंबडी तसा त्यांचा भात, कधी जमला नाही रे. बारा वर्षं लगदाच करायचे. आणि मी छान म्हणायची."

मग हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या किती वाजता जेवता तुम्ही?"

तर मंडळी, त्या दाजींना आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. पण तुमच्या घरी कधी भात गिच्च झाला, तर नाक मुरडण्याआधी त्यांची आठवण काढा.