तिसरी किल्ली

२००७ सालची ही गोष्ट. कॅनडातल्या स्कारबरोत आम्हा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू लोकांची मोजकीच घरं होती. अलिबागजवळच्या बंद पडलेल्या प्रार्थनालयातून आणलेला सेफेर, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, तोराची, हातानं लिहिलेली चामड्याची गुंडाळी, कुणाच्या घरी ठेवायचा यावरून सतत भांडणं होत.

तोड मॉरिसनं काढली. तरुणपणी तो माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात लोहार होता. इथल्या एका म्युझियममध्ये त्यानं इंग्लंडच्या जुन्या चर्चमधली सातशे वर्षांची पेटी पाहिली. तिला तीन कुलपं. पाद्र्याकडे एक किल्ली, गावातल्या दोघा वडीलधाऱ्यांकडे एकेक. तिघं जमल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

"आपला सेफेर चर्चच्या पेटीत?" त्याचा धाकटा भाऊ एझ्रा म्हणाला. "उद्या वर घंटाही टांग."

मॉरिसनं ऐकलं नाही. ओकच्या जाड फळ्या, त्यांना चारी बाजूंनी वेढणाऱ्या लोखंडी पट्ट्या. प्रत्येक खिळा आरपार ठोकून आतलं टोक वळवून पुन्हा लाकडातच रुतवलेलं. असा खिळा उपटता येत नाही, तोडावाच लागतो.

कुलपांचं काम चालू असताना, ऐन हिवाळ्यात, एझ्रा गेला. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दीश, ती मयताची प्रार्थना, म्हणता येत नाही. कबरीपाशी नऊ जण बर्फात उभे होते. दहावा मॉरिस. भट्टीत लोखंड लाल होतं, ते सोडून त्याला निघवेना. तो पोचला तेव्हा माती लोटून झाली होती आणि कद्दीश न म्हणताच लोक पांगले होते.

एझ्राच्या बायकोची, डेझीची, त्यानं पाय धरून माफी मागितली. पेटी झाल्यावर तिसरी किल्ली तिलाच दिली. दुसरी मला, कारण माझं कुणाशी भांडण नव्हतं. सणाला डेझी यायची, कुलूप काढायची, प्रार्थना संपेपर्यंत बसायची. आम्हाला वाटलं, निवळलं.

पुढच्या ऑक्टोबरात मॉरिसचा नातू एरियल याचा बार मित्झ्वा होता. पोरानं वर्षभर तयारी केली होती. तेराव्या वर्षी पोरगा सेफेरमधून पहिल्यांदा वाचतो. मॉरिसचं हृदय अधू झालेलं, तेवढं एक कानांनी ऐकायचं होतं.

शुक्रवारी दुपारी त्यानं डेझीला फोन केला. "किल्ली आजच आणून ठेवतेस का?"

"उद्या येतेच की. कधी चुकलेय?"

शनिवार म्हणजे शब्बाथ, आमचा कसलंही काम न करण्याचा पवित्र दिवस. मॉरिसच्या बेसमेंटमध्ये पाहुण्यांची गर्दी. मॉरिसनं आपलं कुलूप काढलं, मी माझं. डेझी पहिल्या रांगेत निळी साडी नेसून बसली होती.

"ये डेझी."

"किल्ली नाही. लेकमध्ये टाकली."

"मस्करी नको गं. पोराचा दिवस आहे."

"त्यांचाही होता. त्यांना एक माणूस कमी पडला. तुम्हाला एक किल्ली."

एरियलचा बाप गॅरेजमधून लोखंड कापायचा ग्राइंडर आणायला उठला. मॉरिसनं त्याचा हात धरला. "शब्बाथ आहे. आज तोडायचं नाही."

"म्हणून तर आजपर्यंत थांबले, भावोजी," डेझी म्हणाली.

एरियल हळूच म्हणाला, "ग्रँडपा, कॅन आय रीड फ्रॉम द बुक?"

त्यानं छापील पुस्तकातून वाचलं. छान वाचलं. मॉरिस त्याच्याकडे पाठ करून पेटीकडे पाहत राहिला. डेझी केक खाऊन गेली.

कुलूप पट्ट्यांच्या आत बसवलेलं, म्हणून रविवारी मॉरिसनं स्वतः झाकणच कापलं. पट्ट्या इतक्या जाड की ग्राइंडर बराच वेळ चालला आणि ठिणग्या आत उतरल्या. सेफेरचं मखमली वेष्टण पेटलं, चामड्यावरच्या ओळी करपल्या. असा सेफेर वाचता येत नाही, तो माणसासारखा पुरतात. तो एझ्राच्या शेजारच्या जागेत पुरला. त्या दिवशी दहाच्या वर पुरुष आले. डेझी नवऱ्याच्या कबरीपाशी उभी राहून ते मोजत होती.

मॉरिसनं पुन्हा हातोडा उचलला नाही. २०१० मध्ये तो झोपेतच गेला. डेझी पुढच्या वर्षी नॉर्थ यॉर्कच्या कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये वारली. तिची मुलगी एलियाना मला म्हणाली, "आंटी, किल्ली त्या दिवशी ममाच्या पर्समध्येच होती." आम्हाला नवीन सेफेर मिळाला नाही, आता सणाला दुसऱ्यांच्या सिनेगॉगमध्ये मागच्या बाकावर बसतो. एरियल कॅनडातल्याच लंडनला युनिव्हर्सिटीत आहे. पेटी त्यानं नेली. झाकण नाहीच, तो तिच्यात हॉकीचे बूट टाकतो.