दोन दिव्यांची काचपेटी

मी एक जुनी काचपेटी आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देण्यासाठी माझा जन्म झाला. मित्रांनो, जालन्याच्या मस्तगडावर मच्छिंद्र नावाच्या सुताराने एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून मला घडवले. सागवानी चौकट, तीन बाजूंना काच, वर झाकण आणि तळाशी विजेचे दोन दिवे. त्या दवाखान्यात माझ्यासारखी दुसरी पेटी नव्हती. लोक मला पाहायला येत आणि म्हणत, "काय अक्कल लढवली बुवा!" तेव्हा मला फार अभिमान वाटे.

त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत बेबीनंदा आली. अंबडकडच्या दुष्काळी कामावर ती खडी फोडत होती. तिथेच सातव्या महिन्यात तिला कळा आल्या. सासू गिरिजाबाईने बाळाला कापसात गुंडाळून एस.टी.ने जालन्याला आणले. नवरा तातेराव कामावरच राहिला, कारण खाडा पडला तर नाव कटत असे. बाळ सव्वा किलोचे होते. त्याच्या छातीची कातडी इतकी पातळ होती, की आतली धडधड मला दिसे.

बेबीनंदा ओली बाळंतीण, पण ती खाटेवर पडून राहिली नाही. दोन-दोन तासांनी वाटीत दूध पिळायची आणि कापसाच्या वातीने थेंब थेंब बाळाच्या ओठांवर सोडायची. रोज सकाळी पुष्पाबाई सिस्टर बाळाला तराजूवर ठेवत. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "बेबीनंदा, तुझं पोरगं दीड किलोला टेकलं गं!"

बेबीनंदा सगळ्या वॉर्डाला सांगत सुटली. "दीड किलो झालं माझं लेकरू!"

तेच दीड किलो तिच्या मुळावर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाळ आले, अगदीच इवलेसे, निळे पडलेले. डॉक्टरांनी वजनाचे कागद पाहिले आणि म्हणाले, "हे दीड किलोचं बाहेर काढा. नवीन आत ठेवा." पुष्पाबाईंनी झाकण उघडले.

"थोडे दिस राहू द्या ना साहेब," बेबीनंदा म्हणाली. "अजून दम धरला न्हाई त्यानं."

"पेटी एकच आहे, बाई. ज्याला जास्त गरज, त्याला मिळते," डॉक्टर म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. मग ते सरकारी बैठकीसाठी औरंगाबादला निघून गेले.

वॉर्डाच्या एका खिडकीची काच फुटलेली होती आणि तिच्यातून गार वारा येत होता. बेबीनंदाने बाळाला चोळीच्या आत उराशी धरले. गिरिजाबाईने आपले लुगड्याचे जुने धडपे दोघांभोवती गुंडाळले.

नवे बाळ दुपारीच गेले. त्याच्या माणसांनी त्याला नेले. शिपायाने फिनेलच्या पाण्याने मला पुसले. दिवे तसेच चालू राहिले. मित्रांनो, मी रिकामी होते आणि तापत होते. माझ्यापासून चार पावलांवर बेबीनंदाचे बाळ गार पडत चालले होते.

"सिस्टर, पेटी मोकळी झाली ना? ठिवा ना माझं लेकरू."

"डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मला ठेवता येत नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. मागच्याच महिन्यात विनाहुकूम औषध दिले म्हणून त्यांना लेखी ताकीद मिळाली होती. "ते उद्या येतील."

"उद्यापोत्तर ह्यो राहील का?"

पुष्पाबाई औषधांचा ट्रे उचलून पलीकडच्या खाटेकडे गेल्या.

मग बेबीनंदाने स्वतःच माझे झाकण उचलले आणि बाळाला आत ठेवले. मी सगळी ऊब त्याच्याकडे लोटली. त्याची बोटे हळूहळू उलगडू लागली. तेवढ्यात पुष्पाबाई धावत आल्या. "माझी नोकरी घालवतेस का?" म्हणत त्यांनी बाळाला बाहेर काढले. त्याला परत बेबीनंदाच्या हाती देऊन त्यांनी मला कुलूप घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बाळ गेले. डॉक्टर बारा वाजता आले. कागद पाहून म्हणाले, "पेटी मोकळी होती तर ठेवलं का नाही?" एवढे बोलून ते पुढच्या खाटेकडे वळले.

गिरिजाबाई गाठोडे बांधत होती. बेबीनंदाची चोळी दुधाने भिजली होती. तेवढ्यात माझ्यात तिसरे बाळ आले. त्याची आई तापाने बेशुद्ध होती. पुष्पाबाई वाटी घेऊन बेबीनंदापुढे उभ्या राहिल्या.

"चल गं बाई," गिरिजाबाई ओरडली. "हिला काय तोंड हाये मागायला?"

बेबीनंदाने माझ्या काचेतून आत पाहिले. मग हात पुढे केला. "वाटी आन. जल्दी कर." पाठ फिरवून तिने दूध पिळले, वाटी माझ्या झाकणावर आपटल्यासारखी ठेवली आणि सासूमागे निघून गेली. पुष्पाबाईंकडे तिने एकदाही पाहिले नाही.

आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. मी कोठीत पडून आहे आणि माझी एक काच तडकली आहे. मला पुसा, रंगवा, असे मी म्हणणार नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या तरी किल्ल्या तुमच्या हाती येतील. आत ऊब रिकामी जळत असेल आणि बाहेर कुणी गारठत असेल, तर कुणाला न विचारता कुलूप उघडा. ताकीद मिळाली, तर मिळू द्या.