उलटे बूट

जुन्नरच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवून निवृत्त झालेले सूर्यकांत सर पुढे चालत होते आणि मागून धापा टाकत शुभंकर येत होता. शुभंकर म्हणजे सरांच्या मुलाचा, राजसचा, इथला रूममेट. नांदेडचा मुलगा, वय पंचविशीच्या आत आणि दम साठीतला. एरवी सरांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं. आज ते मागे वळूनही बघत नव्हते. ज्या धबधब्यावरून राजस पडला, तो बघायला ते निघाले होते.

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरचं हे गाव म्हणजे एक चर्च, एक पेट्रोल पंप, एक कॉफीचं दुकान आणि किनाऱ्याला बांधलेल्या होड्या. गावामागून पायवाट झाडीत शिरते, डोंगराची सोंड धरून चढते आणि वर पोचलं की झाडं एकदम संपतात. मग नुसता उघडा माळ. सह्याद्रीतला कातळाचा सडा म्हणावा तर तो उन्हाळ्यात खडखडीत असतो, इथे पाय ठेवाल तिथे पाणी. काळी डबकी, गुडघ्याएवढी झुडपं, मधूनच डोकं वर काढलेले खडक आणि कानात शिरणारा वारा. गावातले लोक याला बॅरन्स म्हणतात, म्हणजे वांझ जमीन. मे संपत आला तरी खळग्यांत बर्फ होता.

"काका, थोडं थांबू या? माझा स्टॅमिना एकदम झीरो आहे."

"थांब तू. मी होतो पुढे."

बिचारा थांबला नाही. सरांना एकटं सोडायची त्याची हिंमत नव्हती. या कड्यावर एकट्याने गेलेल्या माणसाचं काय होतं ते त्याने पाहिलं होतं.

राजस गेला ऑक्टोबरच्या अखेरीला. रविवारी शुभंकरची गाडी घेऊन एकटाच डोंगरावर आला आणि रात्री परतला नाही. दुसऱ्या दिवशी शुभंकर आणि आणखी एक मित्र शोधत वर आले, तर धबधब्याच्या तोंडाशी बूट. माणूस नाही. मग पोलीस आले आणि खालच्या डोहात तो सापडला. पेटी जुन्नरला आली. सरांना मात्र इथला व्हिसा मिळेपर्यंत हिवाळा सरून गेला.

घसरून पडला असता, तर सरांनी तो घाव सोसला असता. डोंगरात फिरणाऱ्याचा मुलगा डोंगरात गेला, असं म्हणून छातीवर दगड ठेवला असता. पण पोलिसांचं म्हणणं वेगळं होतं. बूट काढलेले, शेजारीशेजारी नीट मांडलेले, मोजे आत. वर्क परमिट संपत आलेलं, कायम राहण्याच्या परवान्याचे, पीआरचे पॉइंट कमी पडलेले. पडणारा माणूस बूट काढून पडत नाही, असं त्या अधिकाऱ्याने फार हळू आवाजात, जवळजवळ माफी मागत सांगितलं होतं. म्हणजे राजसने जीव दिला.

आणि जीव दिला असेल, तर का दिला हे सरांना ठाऊक होतं. त्याच आठवड्यात राजसने आईला फोन केला होता. "आई, नाही जमत आहे गं. मी परत येऊ का?" आणि वीणा म्हणाली होती, "परत येऊन काय करणारेस? चार माणसांत आम्ही तोंड कसं दाखवायचं?" सर शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि पेपरचं पान उलटलं होतं.

तेव्हापासून घरात बोलणं नव्हतं. म्हणजे चहा झाला का, दूधवाला आला का, इतकंच. सरांनी वीणाला कधी शब्दाने दोष दिला नाही. ते तेवढे सभ्य होते. पण सभ्य माणसाच्या गप्प बसण्याइतकं क्रूर दुसरं काही नसतं, आणि वीणा त्या गप्प बसण्याखाली रोज थोडीथोडी वाळत चालली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. निघताना ती दारात एवढंच म्हणाली, "खरं काय ते बघून या. जे असेल ते मला सांगा." सरांनी मान हलवली होती.

माळ संपला तिथे कडा सुरू झाला. ओढा माळावरून शांतपणे यायचा, रुंद काळ्या कातळावर पातळ पसरायचा आणि पुढे एकदम खाली कोसळायचा. पलीकडच्या बाजूला कातळाचा एक सज्जा पुढे आला होता. तिथून अख्खा धबधबा आणि थेट समुद्रापर्यंतची दरी दिसली असती. सरांच्या ते एका नजरेत ध्यानात आलं. डोंगरातल्या माणसाला अशी जागा दिसली की तिथे गेल्याशिवाय चैन पडत नाही.

"इथे होते बूट," शुभंकरने एका सपाट दगडाकडे बोट दाखवलं.

सर दगडावर टेकले. मग वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"काका, काय करताय?"

"ओल्या कातळावर बूट म्हणजे वैरी. तळपायाला डोळे असतात. पलीकडे जाऊन बघतो, त्याने काय पाहिलं ते."

हे वाक्य त्यांनी शाळेच्या किती पोरांना ऐकवलं असेल याला गणती नाही. त्यांनी मोजे काढले, बुटांत खुपसले आणि बूट दगडावर उलटे ठेवले. तळवे आकाशाकडे. सह्याद्रीत बूट काढला की उलटा ठेवायचा, नाहीतर आत विंचू जाऊन बसतो. हात आपोआप ते काम करून मोकळा झाला. घरीसुद्धा ते आणि राजस असेच बूट उलटे ठेवायचे आणि वीणा चिडून सरळ करायची. उलटी वहाण म्हणजे घरात भांडण, असा तिचा पक्का समज. "विंचू परवडला, पण भांडण नको," म्हणायची.

सर उठले. मागे शुभंकर वाकला, त्याने सरांचे बूट उचलले, सरळ केले, टाचेला टाच लावून नीट ठेवले.

"कशाला रे?"

"सॉरी काका. सवय. उलटी चप्पल दिसली की आमची आई घर डोक्यावर घेते. भांडणं होतात म्हणते, म्हणून आपलं..."

बोलता बोलता तो थांबला. हात बुटांवर तसाच राहिला. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं सरांना स्पष्ट दिसलं.

"काका," तो म्हणाला. "त्याचेही उलटेच होते."

"काय?"

"राजसचे बूट. आय स्वेअर, काका, आत्ता आठवलं. आम्ही आलो तेव्हा उलटे होते, असेच. मी सरळ केले. केले म्हणजे... हातानं झालं ते. मग पोलिसांना कॉल केला. त्यांनी विचारलं, यू टच्ड एनीथिंग? मी नो म्हणालो. मला खरंच वाटलं, मी कशालाच हात लावला नाही."

तो मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घणघणत होती. पोराने बूट उलटे ठेवले होते. ज्या बेटावर औषधालासुद्धा विंचू नाही, त्या बेटावर त्याने विंचवाच्या भीतीने बूट उलटे ठेवले होते. जीव द्यायला निघालेला माणूस विंचवाला भीत नाही. ज्याला परत येऊन बूट घालायचे असतात, तोच भितो.

"परत येणार होता तो," सर मोठ्याने म्हणाले. "शुभंकर, अरे, परत येणार होता माझा पोरगा!" आणि हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसले, ते या वाऱ्यात, या भलत्या जागी. वीणाला कधी सांगतो असं त्यांना झालं. जीव दिला नव्हता. वीणाच्या बोलण्याचा काही संबंध नव्हता.

मग हसू थांबलं. परत येणार होता, तर पडला कसा? भर पावसात शेवाळलेल्या कड्यावर शेळीसारखा पळणारा मुलगा होता तो. सरांनीच तयार केलेला.

त्यांनी कातळावर पाऊल टाकलं.

आधी पाणी चटका लागल्यासारखं भाजलं. मग थोडी कळ आली. मग काहीच नाही. सर जपून पुढे सरकत होते आणि खालचा कातळ खरबरीत आहे की गुळगुळीत, उतरता आहे की सपाट, काही म्हणजे काही समजत नव्हतं. पाय लाकडाचे झाले होते. त्यांनी खाली पाहिलं. पाण्यात लालसर धागा वाहत होता. अंगठा कुठल्याशा कपारीवर चांगला कापला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. पुढच्या पावलाला टाच जराशी सरकली, तीही त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पायाने काहीच कळवलं नाही.

"काका, प्लीज! मागे या!" शुभंकर ओरडत होता. "इथे कोणीच बूट काढत नाही, काका! या पाण्यात पाय नंब होतात!"

सर गुडघ्यांवर बसले आणि लहान मुलासारखे रांगत परत आले.

"ऑक्टोबरात," त्यांनी विचारलं, "पाणी एवढंच गार असतं?"

"त्या सकाळी गाडीच्या काचेवर फ्रॉस्ट होता. मीच स्क्रेप करून त्याला चावी दिली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतके महिने सर गुन्हेगार शोधत होते. कधी कॅनडा, कधी परमिट, आणि मनातल्या मनात रोज वीणा. राजसच्या बुटांना चांगल्या पकडीचा तळवा होता. ते पायात असते तर तो कदाचित पलीकडे पोचला असता, परत आला असता आणि संध्याकाळी बापाला फोटो पाठवले असते. त्याने ते काढले, कारण काढ म्हणून शिकवलं होतं. मुलगा आज्ञाधारक निघाला.

फोनला रेंज होती. जुन्नरला रात्र झाली असणार. वीणाने पहिल्याच रिंगला उचलला.

"कळलं का काही?"

"त्याने बूट उलटे ठेवले होते," सर म्हणाले. "या शुभंकरने सरळ केले. परत यायचं होतं त्याला. वीणा, तुझ्या बोलण्यानं नाही गेला तो."

मग तिने अगदी बारीक आवाजात विचारलं, "मग कशानं?"

इथे गप्प बसता आलं असतं. पाय घसरला, एवढं पुरलं असतं. झाकली मूठ तशीच राहिली असती. पण गप्प बसणं काय असतं, ते सरांनी स्वतः करून पाहिलं होतं.

"माझ्या शिकवण्यानं. पाण्यात बूट काढून उतरला. इथलं पाणी बर्फाचं आहे, पायाला काही कळत नाही. मी आत्ता उतरून पाहिलं."

वारा फोनमध्ये घोंघावत होता.

"मी रोज ताटावर बसून म्हणायचे, मी मारलं त्याला," वीणा म्हणाली. "तुमच्या समोर बसून. तोंडानं नाही म्हणायचे, पण तुम्हाला ऐकू येत होतं. एकदा तरी तुम्ही ‘नाही’ म्हणायचं होतं हो. खोटं का होईना."

"हो."

सर वाट बघत राहिले. तुमचा काय दोष, असं कोणीतरी आत्ता म्हणायला हवं होतं. हेच वाक्य त्यांनी तिला इतक्या महिन्यांत दिलं नव्हतं, आणि आता त्यांना ते भिकाऱ्यासारखं हवं होतं. वीणा ते म्हणाली नाही.

"पायात काही आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"बूट घाला," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बूट दगडावर सरळ, टाचेला टाच लावून ठेवलेले होते. सरांनी पाय आत घालून पाहिला, पण तो बुटात गेला की नाही हेही त्यांना कळेना. शेवटी शुभंकर नाक पुसत पुढे झाला, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि एकेक पाय हातात धरून बुटात बसवू लागला.